मागं बघू नका, उस्ताद

माझं शेवटचं पोस्टिंग वर, बर्फाच्या भागात होतं. मी हवालदार, डॉग हँडलर. माझा कुत्रा रॉकी, काळा लॅब्राडोर. त्याचं काम सुरुंग हुंगून काढायचं. वास लागला की भुंकायचं नाही, उकरायचं नाही, जागच्या जागी बसायचं. रॉकी बसला की मागून येणारी सगळी पार्टी थांबायची.

गावाकडच्या लोकांना वाटतं, फौजेतला कुत्रा म्हणजे मटण हाणून गुरगुरणारं जनावर. खरं सांगायचं तर त्याचा दिवस माझ्यापेक्षा शिस्तीचा होता. सकाळी फिरणं, ग्रूमिंग, ट्रेनिंग, दुपारी आराम, संध्याकाळी जेवण. आणि या सगळ्याला हात एकाच माणसाचा, हँडलरचा. आमच्या सीओ साहेबांनीही रॉकीला कधी बिस्कीट टाकलं नाही. आजारी पडला की व्हेटरनरी ऑफिसर फक्त मलाच विचारायचे. कुत्र्याच्या पोटात काय गेलंय, हे दुसऱ्या कुणाला माहीत असायचं कारणच नव्हतं.

माझी पेन्शन जवळ आली तेव्हा रॉकीसाठी नवा हँडलर आला. लान्स नायक बाबू कांबळे, कमलनगरचा. मी हुलसूरचा. दोन्ही गावं सीमाभागातली. इतक्या लांब आपल्या बोलीचा माणूस भेटल्यावर जीव कसा हरखतो, ते बाहेर राहिलेल्यालाच कळेल. आल्या आल्या त्यानं विचारलं, "उस्ताद, हुलसूरकडं तूर कशी हाय औंदा?"

"तूर नंतर. आधी कुत्र्यापुढं हजर हो."

हँडओव्हरची आमची एक रीत होती. आधी काही दिवस दोघांनी मिळून कुत्रा सांभाळायचा. नवा माणूस वाटी घेऊन उभा राहायचा. कुत्रा ज्या दिवशी आपणहून त्याच्या हातचं खाईल, त्या दिवशी काम निम्मं झालं. शेवटच्या दिवशी जुन्या हँडलरनं 'सिट' म्हणायचं, लीश नव्याच्या हातात द्यायची आणि गेटकडे चालू पडायचं. मागं बघायचं नाही. बघितलं तर कुत्रा नव्या माणसाचा होत नाही.

मी लीश दिली. बाबू हळूच म्हणाला, "मागं बघू नका, उस्ताद. मी हाय की."

मी बघितलं नाही.

पुढं त्याचा एकदा फोन आला. हसत होता. "उस्ताद, तुमी गेटाकडं जायलाव तवा रॉकीनं काय केलं ठावं हाय का? फोनवर न्हाई सांगत. सुट्टीला आल्यावर सांगतो."

सुट्टी मिळायच्या आधीच युनिटमधून फोन आला. रस्ता तपासताना रॉकी बसला होता. बाबूनं वायरलेस सेटवर सांगितलं, "डॉग बैठ गया. पार्टी हॉल्ट. ओव्हर." पार्टी जागेवर थांबली. मग स्फोट झाला. मागचे सगळे वाचले. पुढचे दोघे गेले.

तेव्हापासून दरवर्षी मी कमलनगरला त्याच्या आईला भेटायला जातो. चहा घेतो, भिंतीवरच्या बुद्धाच्या फोटोशेजारी बाबूचा वर्दीतला फोटो आहे, त्याला सॅल्यूट करतो, परत येतो. या खेपेला निघताना आईनं माझ्या हातात एक काळंभोर पिल्लू ठेवलं. "आमच्या कुत्रीचं हाय. बाबूला लई नाद हुता ह्यांचा. तुमी न्या. जगवा."

'जगवा' हा शब्द मी ऑर्डरसारखा घेतला. जीपमध्ये बसायच्या आत पिल्लाचं नावही ठेवलं. रॉकी.

घरात आम्ही तिघं. मी, माझी बायको महादेवी आणि थोरला भाऊ शिवराजअण्णा. फौजेत एका कुत्र्याला एक माणूस असतो. माझ्या घरात एका पिल्लाला अख्खी गल्ली मिळाली. अण्णा म्हणाला, "गावठी जात हाय, त्याला सुई कामून? दूध-भाकर घाल, बास." शेजारी म्हणाले, दूध बंद करा, पोट बिघडतं. औषधाच्या दुकानात सांगितलं, आधी जंताचं औषध, लस नंतर. उदगीरच्या मेव्हण्यानं फोनवर उलटं सांगितलं, आधी लस, बाकी नंतर. कुणी म्हणालं, उकडलेलं अंडं द्या. त्यावर अण्णा कडाडला, "ह्या घरात अंडं? लिंगायताचं घर हाय हे, ध्यानात ठेव!" आणि पिल्लाच्या कपाळाला विभूती लावून मोकळा झाला.

दूध, औषध, विभूती यांवर कुणाचं अडलं नाही. ते ज्यानं त्यानं आपापल्या परीनं देऊन टाकलं. अडलं ते फक्त लसीवर. म्हणून ती तेवढी राहिली.

एका सकाळी पिल्लू उठलंच नाही. उलट्या झाल्या, मग रक्ताची हगवण. तो वास एकदा आला की माणूस विसरत नाही. मी त्याला टॉवेलात गुंडाळलं आणि आम्ही तिघंही सरकारी जनावरांच्या दवाखान्यात गेलो. डॉक्टरीणबाई तरुण होत्या. त्यांनी पापणी उलटून बघितली, कातडी चिमटीत धरली.

"पार्वो व्हायरस दिसतोय. लस?"

"नाही."

"काय काय दिलंय पोटात?"

अण्णा म्हणाला, दूध आणि हळद. महादेवी म्हणाली, ताक. मी म्हणालो, जंताचं औषध. अण्णा चमकला. "ते तर मी परवाच पाजलो की!"

बाईंनी सलाईन लावता लावता मान वर केली. "हे पिल्लू सांभाळतं कोण?"

साऱ्या नोकरीत असा प्रश्न मला कुणी विचारला नव्हता, विचारायची वेळच आली नव्हती. कमलनगरच्या त्या माउलीचा चेहरा डोळ्यांपुढं आला.

"मी," मी म्हणालो. "हँडलर मी. यापुढं तुम्ही सांगाल ते मला सांगा."

घरी येऊन ऑर्डर काढली. डॉक्टरांशी एकानंच बोलायचं. पिल्लाला खाणं-औषध एकाच्याच हातून. गल्लीनं सल्ले गेटाबाहेर ठेवायचे. अण्णा पुटपुटला, पण अंगण ब्लीचिंग पावडरनं धुवायला तोच पहिला उठला.

रोज सलाईन, रोज इंजेक्शन. उलट्या थांबल्या. बाईंनी सांगितलं, आता चमच्यानं थोडं थोडं द्या, खाल्लं तर वाचेल. मी चमचा घेऊन बसलो. "रॉकी! अप, रॉकी!" त्यानं कानसुद्धा हलवला नाही. माझी विनवणी झाली, दरडावणं झालं, परत विनवणी झाली. तोंड मिटलेलंच.

दारातून महादेवीनं त्याला कन्नडात बोलावलं, "बा, करिया. बा."

शेपटी हलली. अगदी थोडी, पण हलली.

"हे करिया कोण?" मी विचारलं.

"काळं हाय म्हून करिया. तुमी रॉकी-रॉकी करायलाव, ते त्याला कळतंय व्हय? तुमी ज्याला बोलवायलाव ते हे न्हवं."

मला राग आला. मग राग गेला आणि डोळे भरले. खरंच होतं तिचं. एवढे दिवस त्या कोवळ्या जिवाला मी दुसऱ्याच्या नावानं हाका मारत होतो. मला रॉकी हवा होता. गेटाजवळचा तो दिवस हवा होता. बाबूचं हसणं हवं होतं. यातलं काही ते पिल्लू आणून देणार नव्हतं.

हात एकच हवा, हा नियम बरोबर होता. तो माझाच हवा, असं कुठं ठरलं होतं? कुणाच्या हातचं खायचं हे युनिटमध्येही शेवटी कुत्राच ठरवायचा. मी चमचा महादेवीला दिला. करियानं जीभ बाहेर काढली आणि चाटलं.

तो वाचला. अंगात ताकद आल्यावर डॉक्टरीणबाईंनी सांगितलेल्या दिवशी पहिली लस झाली. त्या दिवशी दवाखान्याच्या अंगणात मी पट्ट्याची दोरी महादेवीच्या हातात दिली. "आजपासून तू हँडलर."

"बरं झालं. जावा आता," ती म्हणाली.

सवयीनं मी गेटकडे चालू लागलो. ताठ मानेनं, समोर बघत. मग थांबलो आणि आयुष्यात पहिल्यांदा वळून बघितलं. करिया तिच्या पदराचं टोक चावत होता. माझ्याकडे त्याचं लक्षही नव्हतं.

रॉकीनं त्या दिवशी काय केलं होतं, ते बाबू सुट्टीला येऊन सांगणार होता.