हसवायची भाषा

"वाचा की. तुमच्या त्या भाषेत वाचा, गंमत येईल," संपादक माईकवरून म्हणाले आणि सभागृह आधीच हसायला लागलं.

अमरावतीला आमच्या कॉमिकचं प्रकाशन होतं. वाईट वर्षं होती. गावागावांत शेतकरी जीव देत होते आणि पुण्याहून लोक मदत घेऊन येत होते. या संपादकांनी मुलांचं मन रमावं म्हणून फुकट वाटायचं कॉमिक काढलं. गोष्ट आणि संवाद माझे. हिरोईनचं नाव झळ. ती उडायची, डोंगर उचलायची आणि हिवरखेडच्या बाजारात भाजी विकणाऱ्या माझ्या मायसारखी बोलायची. "मले कोनाचं भेव नाई."

छापून आलं तेव्हा झळ पुण्याची झाली होती. "मला कुणाचंही भय नाही!" माझी वऱ्हाडी मात्र त्यांनी वाया जाऊ दिली नव्हती. एक नवीच बाई घुसवली होती. जाडी, डोक्यावर टोपली, राक्षस दिसला की लुगड्यात पाय अडकून पडणारी. मायचे सगळे शब्द तिच्या तोंडी. मी भांडले. ते समजुतीनं म्हणाले, "अहो, ही भाषा हसवायला छान आहे. जग वाचवणारी बाई अशी बोलेल का?"

मी स्टेजवर हलले नाही, तेव्हा त्यांनीच वाचलं. नाकातून, हेल काढून. "आवं बाप्पा, काहून जीव खाऊन राह्यला?" पुढच्या रांगेतली बाप गेलेली पोरं आपल्याच घरच्या बोलण्यावर लोळून हसली. त्यांच्या मागे बसलेली मायही हसली, सगळे हसतात म्हणून. मग तिला आपलं बोलणं ओळखू आलं. पदर तोंडावर घेऊन ती खाली बघत बसली.

माझ्या अंगाची लाही लाही झाली. मी माईक ओढला. "हे माह्या मायचं बोलनं हाय. ती समोर बसली हाय. मी वाचत नाई."

"बघा, किती गोड!" संपादक म्हणाले. टाळ्या पडल्या. माझा संतापही त्यांनी विनोदात जमा केला.

परतताना एसटीत माय एवढंच बोलली, "आपल्या बोलीत नको लिऊ वं. कोनी काम देनार नाई."

खरंच कुणी दिलं नाही. पुढच्या अंकावरून माझं नाव गेलं. झळ त्यांना लखलाभ. मी दुसरी उभी करते आहे. ती वऱ्हाडीत दम देईल, वऱ्हाडीतच जग वाचवेल. खाली शब्दांचे अर्थ देणार नाही. ज्याला कळणार नाही त्यानं हिवरखेडला यावं आणि माझ्या मायला विचारावं. मान खाली घालून विचारावं.