साऱ्यांची ताटे पाहणाऱ्या वसुधाताई

वसुधाताईंची आणि माझी पहिली भेट अंबरनाथ स्टेशनजवळच्या त्यांच्या दवाखान्यात झाली. आहारशास्त्राची पदवी घेऊन मी बदलापूरच्या खरवईहून नोकरी मागायला आले होते. ताईंनी प्रमाणपत्रे उघडलीसुद्धा नाहीत. "सकाळी काय खाऊन निघालात?" एवढेच विचारले. मी उपाशीच निघाले होते. त्यांनी आपल्या डब्यातली अर्धी भाकरी आणि शेपूची भाजी माझ्यापुढे ठेवली. शेपू मला मुळीच आवडत नाही, पण नोकरीच्या आशेने मी ती निमूट संपवली. तेव्हापासून मी त्यांच्या हाताखाली आहे. यंदा ताईंना साठ वर्षे पूर्ण होत आहेत. त्यांच्या सत्काराच्या अंकासाठीचा हा लेख आनंदाने लिहायला हवा, पण तसा तो लिहवत नाही. सगळ्यांच्या जेवणाची काळजी वाहणाऱ्या आमच्या ताई सध्या स्वतः धड जेवत नाहीत.

रुग्णांनी आपल्या जेवणाचे फोटो मोबाइलवरच्या अ‍ॅपमध्ये टाकायचे आणि आम्ही ते पाहून सल्ला द्यायचा, ही पद्धत ताईंनी सुरू केली. लिहून आणायला सांगितले की माणसे विसरतात, नाहीतर थापा मारतात, हा त्यांचा अनुभव. ते अ‍ॅप थालीपीठाला पिझ्झा ठरवायचे आणि माझा पारा चढायचा. ताई म्हणायच्या, "त्याला बिचाऱ्याला कुणी करून घातलंय थालीपीठ?" मग त्या प्रत्येक ताट स्वतः पाहायच्या. गणपतीत कुणी मोदकांचा फोटो टाकला तरी रागवत नसत. "किती खाल्लेत ते खरं सांगा आणि मजेत खा," असे उत्तर जाई.

उल्हासनगरच्या तीन नंबर कॅम्पात जीन्स शिवणाऱ्या मंगलबाई आमच्याकडे येत. त्यांचे फोटो पाहून कुणीही शाबासकी द्यावी. भाकरी, मेथी, वरण, काकडी. साखर मात्र काही केल्या उतरेना. ताईंनी एक फोटो मोठा करून पाहिला. ताटाच्या कडेला पुरुषाचे मनगटी घड्याळ होते.

"मंगलबाई, ताट छान आहे. कुणाचं आहे?"

"आमच्या मालकांचं. त्यांना पहिलं वाढते ना मॅडम, तेव्हाच फोटो खेचून घेते. नंतर टाइम कोणाला आहे?"

"आणि तुम्ही?"

"माझं काय, ओट्यापाशी उभी राहून चाय-खारी. नायतर उरलेला भात, जे असेल ते."

मी फैलावर घेणार होते, ताईंनी नजरेनेच मला थांबवले. "उद्यापासून फोटोत ताटाशेजारी तुमचा हात दिसू द्या," एवढेच त्या म्हणाल्या. दुसऱ्या दिवशी ताटाशेजारी जीन्सच्या रंगाने निळी झालेली बोटे आली. पुढे ताईंनी सगळ्यांनाच तो नियम लावला. निदान फोटोपुरते का होईना, कितीतरी घरांतल्या बायका खाली बसून, स्वतःला वाढून जेवू लागल्या. मंगलबाईंची साखरही हळूहळू आटोक्यात आली.

ताईंचे यजमान अरविंदराव एका कारखान्यातून अधिकारी म्हणून निवृत्त झाले होते. त्यांना अन्ननलिकेचा कर्करोग झाला. घास उतरेनासा झाला तेव्हा ताई त्यांना पेज करून देत. अरविंदराव मिस्कील. "मीही तुझा पेशंट," म्हणत ते पलंगावरूनच पेजेच्या कपाचा फोटो टाकायचे, शेजारी नियमाप्रमाणे हात. ताई स्वयंपाकघरातून उत्तर द्यायच्या, "छान. अजून दोन चमचे जमतील का?" ते फोटो दवाखान्यात मलाही दिसत. कप तोच असे, हात मात्र बारीक होत चालला होता. आम्ही दोघी रोज तो पाहत होतो.

त्या दिवसांत फोडणीच्या वासाने अरविंदरावांचा जीव तळमळेल म्हणून ताईंनी घरात फोडणीच बंद केली. दार लोटून काहीतरी कोरडे खायच्या. पुढे तेही सुटले. अरविंदराव गेले, पण ताईंचे जेवण काही परत सुरू झाले नाही. दवाखान्यात त्या वेळेवर येतात, लोकांना समजावतात, डबा मात्र आणत नाहीत. मी एकदा हट्टाला पेटले तेव्हा म्हणाल्या, "ते उपाशी गेले गं. मी कशी जेवू?"

मी बाहेर जाऊन रडले. आज सर्वांसमक्ष त्याचे उत्तर देते. ताई, अरविंदराव उपाशी गेले नाहीत. जेवढे गिळता आले तेवढे त्यांनी तुमच्याकडून घेतले, आणि तुम्हाला दिसावे म्हणून रोज कळवलेही. भूक त्यांच्या आजाराने नेली. तुम्ही त्यांना कधीच उपाशी ठेवले नाहीत.

सत्कारानंतर जेवण आहे. शाल खांद्यावर पडली की "उशीर होतोय" म्हणत ताई निघतील, हे मी ओळखून आहे. मंगलबाईंनी चार जणींना घेऊन स्वयंपाक अंगावर घेतला आहे. त्यांनी मला बजावले आहे, "मॅडम बसल्याशिवाय कोणी बसायचं नाय." ताईंना दीर्घायुष्य आणि आरोग्य लाभो, असे इथे सगळेच लिहितील, मीही मनापासून लिहिते. पण ताई, ती पुढची वर्षे पुढे पाहू. आज आमच्या पंगतीत बसून दोन घास खा.