एक्स्चेंजला काढलेलं मशीन

भिलाईच्या सुपेला बाजारातल्या त्या दुकानात शिरताना मला वाटत होतं, कॉम्प्युटर जोडण्यातलं आपल्याला सगळं कळतं. कॉलेजात असताना आमच्या कॉलनीतल्या अर्ध्या सेक्टरची मशीनं मी जोडून दिली होती आणि त्याची घमेंड अजून उतरली नव्हती. पुढे हैदराबादेत नोकरीच्या रगाड्यात गेम खेळणं सुटलं ते सुटलंच. आता घरून काम करायची परवानगी मिळाली होती, भिलाईला आईबाबांकडे येऊन पंधरवडा झाला होता, आणि मी ठरवलं होतं की पुन्हा खेळायचं, तेही दणक्यात.

दुकानदाराने ग्राफिक कार्ड काउंटरवर ठेवलं आणि मी ते दोन्ही हातांनी उचलून पाहिलं. माझ्या वेळचं कार्ड तळहाताएवढं असायचं. हे विटेपेक्षा लांब होतं. त्याला तीन पंखे होते, आणि वजनाने वाकू नये म्हणून खालून टेकू लावतात म्हणे. कार्डाला टेकू! रॅमच्या पट्ट्यांना दिवे, पंख्यांना दिवे. शेजारी पद्मनाभपूरच्या कुणा पोराचं तयार मशीन ठेवलेलं होतं, काचेच्या पेटीत, लग्नाच्या मांडवासारखं लुकलुकत. भावाबद्दल तर बोलतच नाही.

"सीडी ड्राइव्ह कुठे बसतो यात?" मी विचारलं.

दुकानदाराने चष्मा वर केला. "भैया, आप कितने साल बाद आए हो?"

बाबा सोबत होते. त्यांनी सगळी हयात स्टील प्लांटमध्ये मोटरींच्या देखभालीत काढली, त्यामुळे कुठलंही यंत्र म्हटलं की ते चप्पल घालून तयार. प्रोसेसर पाण्याने थंड करतात हे कळल्यावर त्यांनी नळ्यांना बोट लावून पाहिलं.

"आमच्या मिलमध्येबी रोल पान्यानंच थंडे करत," ते म्हणाले, "पन तिथं लोखंड लाल व्हाचं. तुया गेममध्ये काय लाल होऊन राहिलं बाप्पा?"

दुकानदार पोट धरून हसला. मी हसलो नाही. मला राग आला होता, तोही कुणावर ते कळत नव्हतं. जे हातचं वाटत होतं ते सगळं माझ्यामागे बदलून गेलं होतं, आणि मला कुणी विचारलंही नव्हतं. तरी जिद्दीने एकेक भाग निवडला. पेटी मात्र जाळीची घेतली नाही. भिलाईत सकाळी पुसलेल्या टेबलावर संध्याकाळी बोटाने नाव लिहिता येतं, इथे जाळीची पेटी कोण घेणार? शेवटी दुकानदार म्हणाला, जुनं मशीन असेल तर एक्स्चेंजमध्ये घेतो, संध्याकाळी माणूस पाठवतो. मी लगेच हो म्हटलं.

जुनं मशीन माझ्याच खोलीत कोपऱ्यात होतं, आईने शिवलेल्या फुलाफुलांच्या कव्हराखाली. आमच्याकडे फ्रीजपासून मिक्सरपर्यंत सगळ्यांना कव्हर असतं. बाकीची कव्हरं रोज निघायची. हे मी आल्यापासून एकदाही निघालं नव्हतं, म्हणून ते मशीन केव्हाच मेलं असणार असं मी धरून चाललो होतो.

आई बुद्धविहारात गेली होती. मी वर्तमानपत्र पसरलं, पेटीचा पत्रा काढला आणि बघतच राहिलो. आत धुळीचा कण नव्हता. पंखा नवा होता. तारा लग्नातल्या वेणीसारख्या नीट बांधलेल्या होत्या, आणि त्या गाठी बाबांच्या होत्या, मी कुठेही ओळखीन.

"बाबा, हे तुम्ही उघडलं होतं?"

"म्याच," बाबा दारातून म्हणाले. "मोटर नुसती ठेवली का जाम होते. आमी प्लांटमध्ये स्टँडबाय मोटर आठवड्यातून एकदा फिरवतच होतो. तू गेला तवाच तुया मायले सांगतलं, दर रविवारी चालू करत जा म्हनून. पोट्टा आला अन् मशीन सुरूच नाही झाली तं?"

कॉम्प्युटर मोटरीसारखा जाम होत नाही, हे त्यांना सांगायचं मी टाळलं. डिस्क पुसायच्या आधी एकदा पाहावं म्हणून मशीन चालू केलं. पडद्यावर माझा जुना गेम आपोआप उघडला; तशी सोय मीच कॉलेजात असताना करून ठेवली होती. तटबंदीच्या आत एक गाव वसवायचं आणि हल्लेखोरांपासून राखायचं, असा तो खेळ. मी शेवटचा खेळलो ते हैदराबादच्या गाडीच्या दिवशी. हल्ला चालू होता, धान्याचं कोठार पेटलेलं होतं, आणि मी तसाच उठून स्टेशनवर गेलो होतो.

ते गाव आता पडद्यावर मावत नव्हतं. नदीवर पूल होता, दोन तळी होती, बाजार भरलेला होता, तटाला दुसरा तट होता. कोपऱ्यात खेळाडूचं नाव माझंच होतं. माझ्या नावाने माझ्या घरात कोण खेळत होतं?

"मी नाही," बाबा म्हणाले. "मले त्यातलं काही समजत नाही. तुही मायच बसते."

आई! वीस मिनिटं जास्त खेळलो की मेन स्विच बंद करणारी माझी आई!

तेवढ्यात ती आली. पांढऱ्या साडीतच दारात थांबली आणि तिची नजर उघड्या पेटीवर गेली. इतका उतरलेला चेहरा मी तिचा क्वचितच पाहिला आहे.

"इकून राहिला का रे ते?"

"आई, हे सगळं तू केलंस?"

"अगुदर नुसती पाहत बसो," ती लाजून म्हणाली. "मंग गाव जळून राहिलं होतं, ते पाहवे ना. इंग्रजी नाही येत मले, चित्रं वयखते. दुपारी तुये बाबा झोपले का बसो. तू आल्यापासून खोलीत तुयं काम चालते, तं नाही बसली." मग पदर सारखा करत तिने हळूच विचारलं, "नव्या मशीनमध्ये हे गाव नेता येते का? नसन येत तं राहू दे."

मी दुकानदाराला फोन लावला आणि जुनं मशीन देत नाही, माणूस पाठवू नका, असं सांगितलं. तो कुरकुरला. आईने पत्रा उचलून माझ्या हातात दिला.

एक गोष्ट मला तरीही उमजत नव्हती. नवा खेळाडू घ्यायचं बटण पहिल्याच पानावर, भल्यामोठ्या चित्रासकट होतं.

"आई, स्वतःच्या नावानं नवीन गाव का नाही घेतलंस?"

"माया नावानं कायले?" आई म्हणाली. "गाव तं तुयं होतं. म्हनलं, पोट्टा कदी ना कदी घरी येईन, खेळाले बसन, तं त्याले ते जळालेलं कावून दिसावं?"