चावी कोणीकडे फिरली

अन्याय झाला तो आमच्या गावच्या वॉलमनवर. लातूरला रेल्वेनं पाणी आलं त्या उन्हाळ्यात, सोमवारी, बाजाराच्या दिवशी, दुपारी चार वाजून वीस मिनिटांनी, मंगल कार्यालयाच्या हॉलमध्ये, तिसऱ्या रांगेत. करणारे आम्ही: मी, एक मिक्सिंगवाला आणि आमची जिल्हा कृती समिती. पत्रकात मी नेहमी असंच लिहायचे. आधी कोणावर, मग कधी, मग कोणी. त्या 'कोणी'च्या जागी तेव्हा सरकार असायचं. आता तिथं मी आहे, आणि मी नेमकं काय केलं हे मला आजही धड सांगता येत नाही.

गाव लातूर आणि नांदेडच्या मधलं, तालुक्याचं. नाव लिहीत नाही, ज्यांना कळायचं त्यांना कळेल. वॉलमन म्हणजे गल्लीगल्लीला पाणी सोडणारा माणूस. रस्त्यातल्या चेंबरचं झाकण काढायचं, लांब दांड्याची लोखंडी चावी आत घालायची, आडवी मूठ दोन्ही हातांनी धरून फिरवायची. या गल्लीचं चालू, त्या गल्लीचं बंद. ठेकेदाराकडं रोजंदारीवर होते ते. सगळं गाव त्यांना अण्णा म्हणायचं.

त्या साली आमची पाळी दहा-बारा दिवसांनी यायची. पाण्याच्या आधी नळातून हवा यायची, सूंऽऽ करून. त्या आवाजाला बाई कणकेचे हात घेऊन धावायची, म्हातारा पूजेवरून उठायचा. कधी हवेच्या मागून पाणी यायचं. कधी नुसतीच हवा येऊन जायची.

आणि लातूरला रेल्वेनं पाणी! का? तर ते जिल्ह्याचं गाव. तेही एकेकाळी कागदाच्या एका शिक्क्यासाठी उस्मानाबादच्या दारात ताटकळायचं, हे आमच्याकडचे म्हातारे अजून सांगतात. जिल्हा झालं आणि त्याची तहान मुंबईला ऐकू गेली. आमची तहान ऐकायला कोण होतं? म्हणून आमची मागणी: जिल्हा. मी पत्रकांवर पत्रकं लिहिली. बाजारात सकाळी वाटायची आणि दुपारी त्यातच बांधलेली भजी हातात यायची.

समितीचे अध्यक्ष आडत दुकानदार. ते एकदा म्हणाले, "ताई, तुमची भाषा लई कडक हाय, पण वाचूलालंय कोण? फिलिम काढा. लोकं जागची हलली पायजेत."

अशी मी मुखेडच्या मिक्सिंगवाल्याकडं गेले. लग्नाची शूटिंग कापून-जोडून, गाणी लावून देणाऱ्याला आमच्याकडं मिक्सिंगवाला म्हणतात. पाण्यावाचून लग्नं पुढं ढकलली होती, त्यामुळं तो मोकळाच बसलेला. पण त्याचं खरं वेड रहस्यपटांचं. तीन दुपारी त्यानं मला दुकानात बसवून तसले सिनेमे दाखवले, रिमोट हातात धरून, मास्तर छडी धरतो तसा.

"हे बगा ताई. बाई कणीक मळूलाली. मागं दार हाय. उघडं का बंद?"

"थोडं उघडं."

"तिला माहीत हाय?"

"नाही. तिची पाठ आहे."

"मग भ्या कोणाला वाटलालं? तिला का तुमाला?"

"मला."

"झालं तर! तिला सांगायचं न्हाई, तुमाला सांगायचं. आन् क्यामेरा हलवायचा न्हाई. दार तिथंच, तुमी तिथंच. बसा बोंबलत."

मग त्यानं तोच प्रसंग आवाज बंद करून लावला. एक बाई कणीक मळतेय, बास. मला हसू आलं. मग आवाज चालू केला आणि पडद्यावर स्वतःची तोंड पुसायची दस्ती टाकली. चित्र झाकलं गेलं. परातीचा आवाज, मग परातीचा आवाज थांबला, मग कुठंतरी बिजागरी. माझी बोटं खुर्चीच्या काठात रुतली होती.

"समजलं? डोळ्याला नुसतं दिसतंय. भ्या कानातून शिरतंय."

कापायचं कधी, हे त्यानं लग्नावरून समजावलं. "मंगळसूत्राच्या टायमाला मी मंगळसूत्र दाखवतच न्हाई. नवरीच्या बापाचं तोंड धरतो. मग वरमाय. मग परत बाप. बघणारे म्हणतेत, काय झालं, काय झालं? काय बी झालेलं नसतंय, लग्न लागलेलं असतंय!"

मी हे सगळं वहीत उतरवलं. लई हुशार झाल्यासारखं वाटलं. आमची पत्रकं पहिल्याच ओळीत सगळं सांगून टाकायची, म्हणून त्यात भजी बांधली जात होती असं मला वाटलं. रोखून धरायला शिकायला हवं होतं.

शूटिंग आमच्या गल्लीच्या पाळीला ठेवलं. अण्णा दाढी करून आले. कपाळाला ताजी विभूती, अंगात इस्त्रीचा पांढरा शर्ट.

"काय माय, टीव्हीत येणार का म्हातारा?"

"येणार की अण्णा."

"मग तोंड घ्या नीट. कारभारणीनं सांगितलंय, दात दाखवू नका म्हणून."

मिक्सिंगवाल्यानं कॅमेऱ्यात त्यांचे पाय घेतले, मान घेतली मागून, चावीवरचे हात घेतले अगदी जवळून. तोंड घेतलं नाही. मी हळूच विचारलं तर म्हणाला, "तोंड दाखवलं की माणूस कळतो. माणूस कळला की भ्या संपलं." मी अण्णांना म्हणाले, तोंडाचं नंतर घेऊ. त्यांनी मान डोलावली आणि चावी फिरवली.

मी फोन घेऊन घरच्या नळाखाली धावले. सूंऽऽ आवाज आला, तो भरून घेतला. मागोमाग पाणी आलं आणि माझी ओढणी भिजली. पाळी संपल्यावरचाही आवाज घेतला. पाणी तुटलं की नळ हवा उलटी ओढतो, घशात घास अडकल्यासारखा. दोन्ही आवाज एकाच नळाचे, एकाच दिवसाचे. यातला एकही खोटा नाही, हे मी आजही शपथेवर सांगेन.

फिल्म चार मिनिटांची झाली. आधी घागरींची रांग, बराच वेळ, काही न होता. आवाज नाही. मग कोणाचे तरी पाय चालत येतात. मान. मग सूंऽऽ सुरू होतो, वाढतो. हात चावीवर. चावी फिरायला लागते, आणि फिरता फिरता नळाचा घसा अडकतो, आवाज तुटतो, पडदा काळा. काळ्यावर पांढऱ्यानं: जिल्हा झालाच पाहिजे.

जोडताना मी शेजारी बसले होते. "अण्णा तर चालू करत होते ना?" असं मी म्हणाले का? मला वाटतं म्हणाले. मिक्सिंगवाला म्हणतो, मी म्हणाले नाही, मी टाळी वाजवली.

मंगल कार्यालय रिकामंच पडलेलं होतं. खिडक्यांना पडदे लावले, शटर अर्धं ओढलं. बाजाराला आलेली माणसं, बायका, समितीचे लोक, हॉल भरला. अण्णा बायकोला घेऊन तिसऱ्या रांगेत. शर्ट तोच.

घागरींची रांग आली तेव्हा कुजबुज होती. रांग हलेना तशी कुजबुज थांबली. पाय आले, मान आली. मग नळातली हवा.

मागच्या रांगेतली एक बाई ताडकन उठली. "आगं बया, पाणी येऊलालंय!"

"खाली बस की! पिच्चरमधलं हाय!"

"पिच्चरमधलं असू दे न्हाईतर नळातलं! माझं टिपाड रिकामं हाय!"

तिच्यामागं दहा-पंधरा बायका शटरखालून वाकून पळाल्या, सोबत दोन-चार बाप्येही. खोटं कशाला सांगू, मला आनंद झाला. मिक्सिंगवाला कानाशी म्हणाला, "बगा ताई, हलली का न्हाई लोकं?" तेवढ्यात पडद्यावर चावी फिरली, आवाज तुटला, अंधार.

थोड्या वेळात गेलेल्या बायका परत आल्या. त्या दिवशी आमच्या बाजूला पाळीच नव्हती, नळ कोरडेच असणार. पण आत बसलेल्यांनी त्यांना सांगितलं: बंद केलं, आमच्या डोळ्यांनी बघितलं. कोणी? एका कापड दुकानदारानं तिसऱ्या रांगेकडं बोट केलं.

त्यानं अण्णांची कॉलर धरली. "आमच्या गल्लीचं तोडून कोणाला सोडलास? बोल!"

अण्णांची बायको मधे पडली. "चालू करूलालते ओ! चालू! देवाशप्पथ!"

अण्णा अजून पडद्याकडं बघत होते. मी जवळ पोचले तशी मला एवढंच म्हणाले, "माय, माझं तोंड कुठं हाय?"

बाहेर त्यांच्या सायकलीला बांधलेली चावी कोणीतरी सोडून घेतली. मी माइक धरला. "ऐका, हे उलटं..." अध्यक्षांनी माइकवर पंजा ठेवला. "आता नको ताई. लोकं पेटलेत. जिल्ह्याचं बोला."

आणि मी घोषणा दिली. जिल्हा झालाच पाहिजे. हॉल मागून ओरडला. का दिली? तेव्हापासून विचारतेय स्वतःला. भिऊन? की चार मिनिटं मीसुद्धा अंधारात तेच बघत होते जे ते बघत होते?

दुसऱ्या दिवशी ठेकेदारानं अण्णांना सांगितलं, लोकांचा रोष हाय, चार दिवस घरी बसा. ते चार दिवस अजून संपलेले नाहीत. फिल्म फोनाफोनांवर गेली, मुखेडला, रेणापूरला. जाता जाता कोणीतरी आमची घोषणा कापली. उरला फक्त हात, चावी आणि तुटलेला आवाज.

मी भांडायला निघाले. कापड दुकानदाराला लॅपटॉपवर न कापलेली शूटिंग दाखवली. झाकण निघतं, चावी आत जाते, अण्णा कोणाशी तरी बोलतात, चावी फिरते. त्याला जांभई आली.

"यात काय हाय? आन् ही चावी चालू करूलाली का बंद, कळंल कसं?"

"कोणीकडं फिरतेय बघा की!"

"कोणीकडं फिरली की चालू होतंय?"

मी तोंड उघडलं आणि मला माहीत नव्हतं. आयुष्यभर त्या चेंबरवरून चालले, पाण्याचा हक्क म्हणून किती लिहिलं, आणि चावी कोणीकडं फिरली की पाणी येतं हे मी कधी बघितलंच नव्हतं. कापड दुकानदार हसला नाही, हे त्यातल्या त्यात बरं.

घरी येऊन पुन्हा पुन्हा बघितलं. आवाज बंद केला की ते चालू करतायत. आमचा आवाज लावला की बंद करतायत. हात तेच. नंतर नंतर तर डोळे मिटूनही त्या दिवसाची आठवण काढली तरी नळाचा अडकलेला घसा आधी ऐकू यायचा. म्हणजे मी स्वतः उभी होते त्या दुपारवरही कोणीतरी मिक्सिंग करून ठेवलं होतं.

मिक्सिंगवाल्याला फोन केला. शिव्याच द्यायच्या होत्या.

"मी काय खोटं जोडलं?" तो म्हणाला. "नळ तुमचा, आवाज तुमचा, हात त्यांचा. मी नुसतं एकमेकाशेजारी बसवलं."

"शेजारी बसवलंस तेच खोटं!"

"मग तुमच्या पत्रकात काय असतंय ताई? एका ओळीत मंत्र्याचा बंगला, खालच्या ओळीत तहानलेली म्हैस. मंत्र्यानं म्हशीचं पाणी पिलं का?"

मी फोन ठेवला. बंगला खरा होता, म्हैसही खरी होती.

शेवटी अण्णांकडं गेले. ते हल्ली आडतीत पोती शिवतात. दाभण हातातच होतं. मी विचारलं, अण्णा, चालू करायला चावी कोणीकडं फिरवता?

त्यांनी पोतं बाजूला सरकवलं. "माय, तू तिथं होतीस. तुझी ओढणी भिजली होती."

"हो."

"मग मला कामून विचारूलालीस?"

त्यांनी दाभणात सुतळी ओवली. माझ्यावर दया आली असेल, हातानंच हवेत फिरवून दाखवलं, डावीकडं. मग म्हणाले, "पण तू लिहू नको हे. उद्या कोणी म्हणंल, आमच्या चेंबरची उलटी हाय."

मी पत्रक लिहिलं तरी. समितीनं छापलं नाही. जिल्हा झाल्यावर बघू, म्हणाले. तीन पावसाळे झाले, जिल्हा झालेला नाही.

यंदा पाणी सोडायला पुन्हा माणसं घेणार आहेत. अण्णांना हे काम हवंय, जुन्या लाइनींची खोड त्यांच्याएवढी कोणाला माहीत नाही, हे त्यांना घरी बसवणारेही मानतात. नगरपालिकेचे साहेब म्हणाले, लोकांचा विरोध नसेल तर घेऊ. पण वॉर्डाच्या बैठकीत त्यांचं नाव निघालं की कोणीतरी फोन काढतो, हात आणि चावी दाखवतो, आणि विषय संपतो. मागच्या बैठकीत ज्यानं दाखवली तो आमच्या गावचाही नव्हता, पाहुणा आला होता. त्याच्याकडं ती कुठून आली, त्यालाच आठवत नव्हतं.

तेव्हा तुम्ही, हे वाचणारे. चावीवरचे दोन हात आणि तुटणारा आवाज अशी फीत तुमच्याकडं कधी आली असेल, आणि तुम्ही ती पुढं पाठवली असेल, तर ती पुसून मोकळे होऊ नका. ज्याला ज्याला पाठवली त्याला फोन लावा. मेसेज नको, स्वतःच्या तोंडानं बोला. सांगा की तो माणूस पाणी चालू करत होता, आणि त्यानं ती पुढं कोणाला पाठवली ते विचारून त्यांनाही तेच सांगायला लावा. पुढची बैठक व्हायच्या आत. आजच.