पांढुर्ण्याची गोटमार आणि सुषमाचं माहेर

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी नागपूरकर माणूस मारबत पाहायला जातो. आम्हीही दरवर्षी जातो. इतवारीच्या गर्दीत घुसायचं, काळी-पिवळी मारबत आणि बडगे, म्हणजे मिरवणुकीतले मोठाले पुतळे, पाहायचे, रोगराई घेऊन जा म्हणून ओरडायचं आणि घसा बसवून घरी यायचं. यंदा मात्र बेत बदलला तो दिलीपमुळे (माणसांची नावं बदलली आहेत). दिलीप माझ्या नवऱ्यासोबत, नरेशसोबत, हिंगण्याच्या कंपनीत आहे. मूळचा पांढुर्ण्याचा. "वहिनी, तुम्ही एवढ्या जत्रा पाहता अन् लिहिता, अन् गोटमार नाही पाह्यली? मंग काय पाह्यलं?" असं तो गेली कित्येक वर्षं म्हणत होता.

माहीत नसेल त्यांच्यासाठी: पांढुर्णा आणि सावरगाव ही मध्य प्रदेशातली, जाम नदीच्या दोन काठांवरची वस्ती. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी सावरगाववाले नदीच्या मधोमध पळसाचं झाड रोवतात, त्यावर झेंडा लावतात. पांढुर्णावाल्यांनी ते तोडून आणायचं, सावरगाववाल्यांनी राखायचं. हत्यार एकच, दगड. एका काठाचा मुलगा दुसऱ्या काठाच्या मुलीला पळवून नेत होता आणि दोघं नदीतच दगडांनी मेली, अशी त्यामागची कथा सांगतात.

दिलीपची बायको सुषमा सावरगावची. म्हणजे सासर या काठावर, माहेर त्या. तिला एकच भाऊ, गजानन. तिने दोघांकडूनही शब्द घेतला होता की यंदा कोणीही नदीत उतरणार नाही. "पाहुण्यांना दाखवा अन् वर या," असं तिने दिलीपला आमच्यासमोरच बजावलं होतं.

पोळ्याच्या दिवशी सकाळी आमच्या गाडीतून चौघं निघालो. बैतूल रस्ता चांगला आहे, दोन तासांत आरामात पोचता. सावनेरला गाडी थांबवून तर्री-पोहे खा. तर्री तिखटजाळ असते, जपून घ्या; मी जपून घेतली नाही आणि केळवदपर्यंत पाणीच पीत राहिले. पुढे दोन्ही बाजूंनी संत्र्याच्या बागा लागतात. दिलीप रस्ताभर गोटमारीच्या गोष्टी सांगत होता, कोणाचा हात मोडला, कोणी झेंड्यापर्यंत पोचून परत आला. सुषमा खिडकीबाहेर पाहत होती.

दिलीपच्या आईने पुरणपोळी केली होती. संध्याकाळी तोरणाखाली बैलजोड्या उभ्या राहिल्या, आम्ही फोटो काढले. परत आलो तर ओसरीवर गजानन बसलेला. उंच, हसरा, बोलका. स्वतःचा छोटा टेम्पो चालवतो, हंगामात नागपूरला कळमन्याच्या बाजारात संत्री पोचवतो. ताईसाठी भुट्टे घेऊन पूल ओलांडून आला होता.

"काय भाऊजी, उद्या भेटू मंग नदीवर?" त्याने दिलीपला डोळा मारला.

"येजो ना. झेंडा सांभाळून ठेवजो."

"मस्करीतही नका बोलू गा," सुषमा म्हणाली. दोघंही हसले. आम्हीही हसलो.

सकाळी नदीवर गेलो. पळस रोवून झाला होता, बायका नारळ वाहून नमस्कार करत होत्या. दोन्ही काठांवर दगडांचे ढीग होते. फुगेवाले, भजीवाले, बर्फगोळेवाले आणि त्यांच्यालगत ॲम्ब्युलन्सची रांग. पोलीस भोंग्यावरून सूचना देत होते, कोणी ऐकत नव्हतं. जाणार असाल तर गाडी गावाबाहेर महामार्गाच्या बाजूलाच लावा, आतले रस्ते बंद होतात. काठावर उभं राहू नका. आम्ही दिलीपच्या चुलतभावाच्या गच्चीवर होतो, पुढे जाळी बांधलेली.

सुरू झाल्यावर पहिला अर्धा तास मला मजा आली, हे लिहायलाच हवं. ढोल वाजत होते. पांढुर्ण्याचा जमाव पुढे सरकायचा, तिकडून दगडांचा वर्षाव झाला की मागे पळायचा. दगडावर दगड आपटल्याचा आवाज येतो तेव्हा लोक शिट्ट्या मारतात. मीही मारली. माणसाला लागतो तेव्हा आवाज येत नाही. माणूस फक्त खाली बसतो.

सावरगाववाल्यांनी एकदम जोर केला आणि आमच्या बाजूची पोरं पार घरांपर्यंत मागे आली. खालून कोणीतरी ओरडलं, "दिलप्या, वर बसून काय पाहून राह्यला बे? बांगड्या भरल्या का?"

दिलीप हसला. थोड्या वेळाने म्हणाला, "पाणी संपलं. घेऊन येतो."

तो गेला. नरेशने माझ्याकडे पाहिलं. आम्ही दोघांनीही त्याला अडवलं नाही.

सुषमाने त्याला आधी पाहिलं. मरून शर्ट, पाण्यात गुडघाभर. त्याने वाकून दगड उचलला, फेकला, पुन्हा वाकला. तिने हाक मारली नाही, त्या गोंगाटात पोचलीही नसती. तिने जाळी मुठीत धरली आणि मग पलीकडच्या काठावर पाहिलं. तिथे झेंड्याच्या मागे, पुढच्याच रांगेत, गजानन होता.

"तो पाहा," ती मला म्हणाली. "तोही उतरला."

गजाननने दोन्ही हात चेहऱ्यावर नेले आणि तो खाली बसला. भोवतीच्या पोरांनी त्याला उचलून मागे नेलं. त्या वेळी हवेत किती दगड होते कोण जाणे. कोणाचा लागला ते मी पाहिलं नाही. सुषमानेही पाहिलं नाही. पाहणं शक्यच नव्हतं.

ती अनवाणीच जिना उतरली, तिच्यामागे मी. पुलावर एका पोलिसाने अडवलं. "इधर से नहीं जा सकते," तो म्हणाला. ती ओरडली, "माहा भाऊ आहे तिकडं!" त्याने कठडा बाजूला केला.

पलीकडच्या दवाखान्याच्या तंबूत गजानन खाटेवर होता. चेहऱ्याची डावी बाजू पट्टीखाली, पट्टी भिजत चाललेली. डॉक्टर थकलेले दिसत होते. म्हणाले, "डोळ्याचं आहे. इथे काही होणार नाही. नागपूरला न्या, लवकर." ॲम्ब्युलन्स आधीच्या जखमींना घेऊन गेल्या होत्या. मी नरेशला फोन केला. महामार्गावर गाडी असल्याने तो लांबून वळसा घालून लवकर पोचू शकला.

आम्ही गजाननला मागच्या सीटवर ठेवत होतो तेवढ्यात बातमी ऐकून दिलीप पुलावरून धावत आला. पँट ओली, हाताला माती. त्याने पुढचं दार उघडलं.

"तुमी नका येऊ," सुषमा म्हणाली.

"अवं, पण..."

"नका येऊ."

त्याने दार लावलं. त्याच वेळी नदीकडून मोठा जल्लोष झाला. झेंडा तुटला होता. पांढुर्णा जिंकलं होतं. दिलीपने तिकडे मान वळवलीसुद्धा नाही.

परतीचा तोच रस्ता. नरेश गाडी हाणत होता, मी पुढे, मागे सुषमाच्या मांडीवर गजाननचं डोकं. सावनेर आलं तेव्हा त्याने विचारलं, "ताई, भाऊजी खाली होते का वं?"

मी आरशात पाहिलं. ती त्याच्या केसांतली माती बोटांनी काढत होती.

"नाही," ती म्हणाली. "वरच होते. माह्याजवळ."

डोळा वाचला नाही. डॉक्टरांनी प्रयत्न केले, पण ठेवला तर दुसऱ्यालाही धोका म्हणाले. दुसऱ्या दिवशी दिलीप दवाखान्यात आला. आदल्या दिवसाचाच शर्ट. वऱ्हांड्यात मी आणि सुषमा बसलो होतो. तो तिच्यासमोर उभा राहिला आणि रडायला लागला. "सुषमे, मले नाही माहीत वं. देवाशप्पथ, मले नाही माहीत..."

"कोणालेच माहीत नाही," ती म्हणाली. "म्या त्याले सांगतलं, तुमी वर होते. आता तुमी वरच होते. त्याले दुसरं काही सांगान, तर मी घरी येणार नाही."

दिलीपने डोळे पुसले आणि आत गेला. पुढचे सगळे दिवस तोच गजाननजवळ राहिला. त्याला भरवलं, अंघोळ घातली, रात्रपाळ्या बदलून घेतल्या.

परत आल्यापासून काही वाचकांनी विचारलं, गोटमारीबद्दल का लिहीत नाही, जाण्यासारखी आहे का. रस्ता चांगला आहे. पुरणपोळी उत्तम मिळेल. लोक जीव लावतील, घरात नेऊन बसवतील. पण मी पुन्हा जाणार नाही, आणि तुम्ही विचारलंत म्हणून सांगते, तुम्हीही जाऊ नका. ती गच्चीवरून पाहायची गोष्ट आहे असं मला वाटलं होतं. खाली उतरलेल्या प्रत्येकाचं कोणीतरी गच्चीवर उभं असतं, हे तिथे गेल्यावर कळलं.

दिवाळीनंतर गजानन तपासणीसाठी नागपूरला आला, तेव्हा तिघंही आमच्याकडे जेवायला आले. काचेचा डोळा बसवलाय, चटकन लक्षात येत नाही. टेम्पो विकला. एका बाजूचं दिसत नाही, मागून येणारी गाडी कळत नाही, म्हणाला. आता संत्र्याच्या बागेत मजुरीला जातो. हसरेपणा थोडा राहिलाय.

नरेशने विषय काढायला नको होता, पण तो बोलून गेला, "सगळ्यांनीच ऐकायला हवं होतं सुषमाताईंचं."

"भाऊजीनं ऐकलं ना," गजानन म्हणाला. "या माणसानं ताईले दिलेला शब्द पाळला. म्याच नाही पाळला, त्याची शिक्षा भेटली मले." आणि त्याने शेजारी बसलेल्या दिलीपच्या पाठीवर थाप मारली.

दिलीपच्या हातातला घास तसाच राहिला. तो सुषमाकडे पाहत होता. तिने त्याच्याकडे पाहिलं नाही. गजाननच्या ताटातली भाजी संपली होती. ती उठली आणि त्याला वाढायला लागली.