न वाजणारे ब्रेक

आमच्या गावातल्या बुधवारा पेठेत माझं ब्रेकचं दुकान आहे. केळीचे ट्रक, ट्रॅक्टर, रिक्षा, सगळ्यांचे ब्रेक माझ्याकडे येतात. तीस वर्षं हेच केल्यामुळे मला वाटायचं, ब्रेक या विषयावर देवानेही मला विचारूनच बोलावं.

धाकटा भाऊ पुण्यात इंजिनियर. त्याने जुनी, दोनच सीटांची स्पोर्ट्स कार घेतली. आमच्या घरात तिला ‘अर्धी गाडी’ म्हणायचे. तो रोज तिनेच ऑफिसला जायचा आणि वर्षातून चार-पाचदा दक्षिणेतल्या रेसच्या ट्रॅकवर ती पळवायचा. ब्रेक पॅड कोणते घ्यावेत, हे विचारायला त्याने फोन केला तो मला. एवढे शिकलेले मित्र सोडून मला. त्या दिवशी मी गिऱ्हाइकांना उगाच ताटकळत ठेवलं.

“दादा, रस्ता आणि ट्रॅक, दोन्हीकडे चालेल असा एकच पॅड सांग.”

“तसा नसतो रे. रस्त्याचा पॅड थंड असतानाही धरतो, पण फार तापला की हात सोडतो. असीरच्या घाटात उतरताना ट्रकांचं काय होतं, पाहिलंयस ना? ट्रॅकचा पॅड तापल्यावरच रंगात येतो. सकाळी पहिल्या सिग्नलला आळस करतो, आणि वाजतो फार.”

“मग?”

“मग वाजू दे. आळशी आहे हे ठाऊक असलं की माणूस आधी दाबतो. ऐनवेळी सोडणारा वाईट.”

त्याने ट्रॅकचे टाकले.

दिवाळीला तो गाडी घेऊन आला. गल्लीत वळताना ब्रेक असा किंचाळला की दुकानाच्या बाकावर बसलेलं माझं जुनं गिऱ्हाईक, एक ट्रकवाला, चहा सांडून हसला. “काय भो, ब्रेकवाल्याच्या घरचीच गाडी बकरीसारखी बोंबलते? हमारा ट्रक तो चुप रहता है.” मीही हसलो. पण दोन दिवसांत तोच विनोद बाजार फिरून तीनदा माझ्याकडे परत आला.

रोजच्या वापराला म्हणून मी त्याच्यासाठी रस्त्याच्या पॅडांचा एक सेट इंदूरहून मागवून ठेवला होता. दिवाळीची भेट. भाऊबीजेला तो माझी मोटरसायकल घेऊन चांदनीला बहिणीकडे गेला, आणि मी चारही चाकं उघडून ते पॅड बसवले. त्याचे जुने माझ्या ड्रॉवरमध्ये ठेवले. आला की सांगायचं, असं ठरवलं होतं.

दुसऱ्या दिवशी निघताना त्याने गल्लीच्या टोकाला ब्रेक दाबला. आवाज नाही. खिडकीतून डोकं काढून म्हणाला, “दादा, आवाज गेला?”

“साफ केले जरा.”

“तुझा हात लागला की गाडीसुद्धा शहाणी होते.”

ती शाबासकी मी खिशात घातली. नंतर फोनवर सांगू म्हटलं, पण सांगायचं तर एका ट्रकवाल्याच्या हसण्याला घाबरलो हेही सांगावं लागणार होतं. आज राहिलं, उद्या राहिलं. आणि तो ट्रॅकवर गेला.

चौथ्या फेरीत त्याने वळणावर ब्रेक दाबला आणि गाडी थांबलीच नाही. ट्रॅकच्या कडेला रचलेल्या टायरांच्या भिंतीवर आदळली. गाडी भंगारात गेली, त्याचं उजवं मनगट मोडलं. तिथल्या मेकॅनिकने चाक उघडून दाखवल्यावर त्याने दवाखान्यातून फोन केला.

“दादा, पॅड तू बदललेस?”

“हो.”

तो म्हणाला, “सांगायचं होतंस ना. मी हळू गेलो असतो.”

एवढंच. शिव्या खायची मी तयारी ठेवली होती, त्या आल्याच नाहीत. शिव्या दिल्या असत्या तर माफीतरी मागता आली असती.

तो अजून दर दिवाळीला येतो. रेल्वेने येतो, स्टेशनावरून रिक्षा करतो. माझे गुडघे, केळीचा भाव, सगळं विचारतो. त्याचे ते पॅड अजून माझ्या ड्रॉवरमध्ये आहेत. जाड आहेत, पुष्कळ चालले असते. ट्रकवाला येतो, त्याच बाकावर बसतो. तो विनोद तो कधीच विसरलाय.

गेल्या वर्षी भावाने नवी गाडी घेतली, साधी, चार सीटांची. फराळाला बसलो असताना मी विचारलं, “पॅड कोणते आहेत रे?”

“आहेत दादा, चांगले आहेत,” तो म्हणाला, आणि डाव्या हाताने चकल्यांची ताटली माझ्याकडे सरकवली.

कोणते, ते मी पुन्हा विचारलं नाही.