एका वर्षापुरते पैसे

राईस मिलमधल्या गरम कोंड्याचा वास आला की मला तुमसरची ती सकाळ आठवते. एमएसडब्ल्यूला, म्हणजे समाजकार्याच्या दोन वर्षांच्या पदवीला, प्रवेश मिळाला होता, पण शिकवण्या घेऊन साठवलेले पैसे पहिल्याच वर्षाच्या फीला पुरणार होते. मिलमध्ये हमाली करणारे बाबा अंगावरचा कोंडा झटकत म्हणाले, “लोकाइची मदत कराले शिकाचं, अन् पैसेबी आपणच भराचे? काहून?” बॅग भरून झाली होती, तरी फी भरावी की घरीच राहावं, ते मला कळेना. “दुसऱ्या वर्षी काय करशीन?” त्यांनी विचारलं. “मालूम नाई, बाबा.” ते माझी बॅग उचलून म्हणाले, “मलेबी नाई मालूम. चाल, गाडी सुटन.” दुसरं वर्ष मी एका दवाखान्यात काम करून कसंबसं काढलं. आता प्रवेशाचं विचारायला मुली माझ्याकडे येतात. त्यांना ठामपणे काही सांगणं मला अजून जमत नाही.